माकडताप : गोचिडांच्या मोजणीतील शून्याचा अर्थ

पावसाळा सरला, की सह्याद्रीच्या कुशीतील गावांत काजूबागांची सफाई, सरपणाची जमवाजमव आणि रानातील वावर वाढतो. साधारण डिसेंबर ते मे या काळात पालापाचोळ्यात अर्धवाढीच्या, म्हणजे निम्फ अवस्थेतील गोचिडांची संख्याही मोठी असते आणि माकडतापाचे रुग्ण आढळू लागतात. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये प्रथम ओळखला गेलेला हा आजार २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात, तर २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळला. बाधितांपैकी सुमारे ३ ते ५ टक्के रुग्ण दगावतात. जुन्या लसीची परिणामकारकता अपुरी ठरल्याने कर्नाटकात २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. साहजिकच गोचिडांवर वेळीच नजर ठेवण्याचे महत्त्व वाढले आहे.

ही नजर ठेवण्याची पद्धत वरवर सोपी आहे. पांढरे फ्लॅनेलचे कापड पालापाचोळ्यावरून ओढत न्यायचे आणि त्याला चिकटलेले गोचीड वेचून जाती व अवस्थेनुसार वेगळे करायचे. नंतर त्यांचे गट पाडून प्रयोगशाळेत विषाणूची तपासणी होते. प्रश्न आहे तो कापड कोठे, किती अंतर आणि कितीदा ओढले याचा. दवाने भिजलेल्या कापडाला गोचीड नीट चिकटत नाहीत. रस्त्यालगतच्या सोयीच्या जागा निवडल्या, तर आकडे त्या रस्त्यापुरतेच खरे ठरतात.

नमुन्याच्या आकाराचे गणित तर अधिक बोलके आहे. एखाद्या रानातील शंभरातील एक गोचीड बाधित आहे असे मानले आणि केवळ ५० गोचीड तपासले, तर एकही बाधित न सापडण्याची शक्यता सुमारे ६० टक्के असते. ती ५ टक्क्यांच्या खाली आणायची, तर ३०० गोचीड तपासावे लागतात. म्हणजेच अपुऱ्या नमुन्यावर दिलेला 'विषाणू आढळला नाही' हा निर्वाळा गावकऱ्यांना दिलेला खोटा दिलासा ठरू शकतो.

म्हणूनच मोजणीचा हेतू आधी ठरायला हवा. माकड मरून पडले, की त्याच्या अंगावरचे गोचीड तेथेच उतरतात. तेथे तातडीने शोध घेणे योग्यच. पण तो विषाणू शोधण्यासाठी. यंदा धोका वाढला की घटला, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी दाट जंगल, जंगलाची कड, काजूबागा आणि चराईच्या वाटा असे भाग पाडून प्रत्येकातून चिठ्ठी टाकून जागा निवडाव्या लागतात. तेथे दर महिन्याला, ठरलेल्या अंतरात आणि ठरलेल्या वेळी कापड ओढावे लागते. गोचीड मिळाले नाहीत, तरी किती अंतर शोधले याची नोंद अनिवार्य असते. ही नोंद नसेल, तर दोन वर्षांच्या आकड्यांची तुलनाच निरर्थक ठरते.

अशा कामाला वर्षभर राबणारे प्रशिक्षित मनुष्यबळ लागते. साथ आली की पथके धावतात, ओसरली की पांगतात, हा क्रम चालू राहिला तर पूर्वसूचना मिळणार कोठून? माणूस आजारी पडल्यावर विषाणूचा पत्ता लागणे ही पाहणी नव्हे, तो पाहणीचा पराभव आहे.