पत्राचं दुसरं पान

गेल्या पंधरवड्यात सांगली जिल्ह्यातल्या एका मुलाचा फोन आला. बारावी झालेला, आवाजात नुसता आनंद. एका नावाजलेल्या खासगी विद्यापीठात प्रवेश मिळाला होता आणि सोबत ‘मेरिट स्कॉलरशिप’, ट्यूशन फीच्या पन्नास टक्के. गल्लीत पेढे वाटून झाले होते, मामूने स्टेटस ठेवलं होतं, मशिदीबाहेर लोक अब्बांना थांबवून मुबारकबाद देत होते. मी अभिनंदन केलं आणि विचारलं, “दुसऱ्या वर्षी किती?”

“म्हणजे?”

“पत्राचं दुसरं पान वाच.”

तो वाचू लागला आणि मध्येच थांबला. दर सेमिस्टरला ८.५ सीजीपीए राखला तरच सवलत पुढे चालू. एकदा गेली की परत नाही. होस्टेल, मेस आणि परीक्षा फी या सवलतीत नाहीत.

मुलाचा विरस करायचा माझा इरादा नव्हता. पण हे दुसरं पान मी स्वतः कधी वाचलं नव्हतं, आणि त्याची किंमत माझ्या घराने मोजली आहे.

मी ज्या विद्यापीठात शिकले त्याचं नाव इथे महत्त्वाचं नाही. अब्बांचं शिलाईचं दुकान, दोन मशीन, सणासुदीला तिसरा कारागीर. मला पूर्ण ट्यूशन फी माफ झाली तेव्हा मोहल्ल्यात माझं नाव झालं. शाळेत मी कायम पहिली. इथे वर्गात बसले तेव्हा लक्षात आलं की इथे सगळेच कुठून तरी पहिले येऊन बसले आहेत. ग्रेड सापेक्ष, म्हणजे तुमचे गुण किती यापेक्षा वर्गाच्या तुलनेत तुम्ही कुठे, हे पाहून मिळणाऱ्या. पहिल्या सेमिस्टरला निभावलं. दुसऱ्याला काठावर. तिसऱ्याला ८.३१. अट ८.५ची होती.

ई-मेल चार ओळींचा होता. महिनाभरात एक लाख दहा हजार भरायचे होते. माझा धाकटा भाऊ तेव्हा पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याने ते वर्ष सोडलं आणि दुकानात बसला. “एक वर्षाचा तर सवाल आहे, बाजी,” म्हणाला. तो परत कॉलेजला गेला नाही. आज त्याचं दुकान चांगलं चालतं, तो मला कधी बोलून दाखवत नाही, आणि नेमकं म्हणूनच मला ते विसरता येत नाही.

पण मला जास्त लागलेली गोष्ट पुढची आहे. त्याच विद्यापीठात एक दुसरा फॉर्मही होता. कुटुंबाचं उत्पन्न पाहून मदत देणारा. तो प्रवेशाच्या कागदांतच आला होता. अब्बांनी तो बाजूला ठेवला होता. “आपल्या घरात देण्याचा हात आहे, घेण्याचा नाही. तू मेहनतीवर मिळव.” मलाही ते पटलं होतं, अभिमानच वाटला होता. माझ्याच वर्गातल्या एका डॉक्टरच्या मुलाने तो फॉर्म भरला होता. कर्जाचे हप्ते, आजीच्या उपचारांचा खर्च, सगळं जोडून. त्याला वर्षाला तीस टक्के सूट चारही वर्षं मिळाली. त्याला लाज वाटली नाही, आणि वाटायचं कारणही नव्हतं. विद्यापीठाने मदत ठेवली होती, त्याने मागितली.

आपल्याकडे ‘मेरिट’ आणि ‘नीड’ या दोन शब्दांमध्ये इज्जतीची भिंत आहे. पहिला कमावलेला, दुसरा खैरातीचा. विद्यापीठाच्या हिशेबात अशी भिंत नसते. मेरिट स्कॉलरशिप अनेकदा फीवरची सवलतच असते. चांगल्या गुणांचं पोर दुसरीकडे जाऊ नये म्हणून दिलेली. त्यात विद्यापीठाचाही फायदा आहे. तुमचे गुण त्यांच्या माहितीपत्रकात जातात. हा सौदा आहे आणि त्यात वाईट काही नाही. फक्त सौद्याची शर्त वाचायची असते.

बिट्स पिलानीचंच उदाहरण घ्या. १९६४ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळालेली ही संस्था, आणि तिचा गोव्यातला कॅम्पस वास्कोजवळ झुआरीनगरला २००४ पासून आहे. कोकणातल्या, कोल्हापूर-सांगलीतल्या मुलांना तो घराजवळचा. आरक्षण नाही, डोनेशन नाही, मॅनेजमेंट कोटा नाही. बारावीला भौतिक, रसायन आणि गणितात मिळून ७५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ६० एवढी पात्रता. त्यानंतर मुख्यतः बिटसॅटचे गुण बोलतात. तीन तास, १३० प्रश्न, ३९० गुण, चुकलं तर एक गुण वजा. त्यातले तीस प्रश्न इंग्रजी आणि तर्काचे असतात. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेली मुलं गणिताच्या मागे धावताना नेमके हे तीस सोडून देतात. खरं तर सहा महिने रोज अर्धा तास दिला तर सगळ्यात स्वस्तात मिळणारे गुण तेच आहेत.

चार वर्षांची ट्यूशन फी मात्र वीस लाखांच्या पुढे जाते. तो आकडा पाहूनच बहुतेक घरं माहितीपत्रक मिटतात. आता आतली पद्धत पाहा. निव्वळ मेरिटवरची मोठी सवलत तिथे अगदी मोजक्यांना. ढोबळमानाने पहिल्या एक टक्क्याला पूर्ण ट्यूशन फी, त्यानंतरच्या दोन टक्क्यांना चाळीस टक्के. सुरुवातीला ती बिटसॅटच्या गुणांवर ठरते, पुढे सीजीपीएवर. म्हणजे दर सेमिस्टरला पुन्हा कमवायची. शंभरात तीन. पण तिथेच ‘मेरिट-कम-नीड’ नावाची दुसरी वाट आहे. गुण आणि घरचं उत्पन्न दोन्ही पाहून टप्प्याटप्प्याने दिलेली, आणि पहिल्या वाटेपेक्षा कितीतरी जास्त मुलांना मिळणारी. ज्या घरात ‘मेरिट’चाच हट्ट असतो, ते घर तीन जणांच्या रांगेत उभं राहतं आणि शेजारची लांब रांग सोडून देतं.

बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात तर मदतीचा मुख्य आधारच कुटुंबाचं उत्पन्न आहे. प्रवेश परीक्षेवर आणि मुलाखतीवर, मदत घरच्या परिस्थितीवर. तिथे स्कॉलरशिप घेणारा मुलगा खालच्या दर्जाचा आणि फी भरणारा वरच्या, असं कुणी समजत नाही.

मग सरकारी योजना? महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, आणि जुलै २०२४ पासून इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ आहे. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी घरांतल्या मुलींनी हा लाभ घेतलाच पाहिजे, त्यासाठी जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर दहावीतच काढून ठेवा. पण या योजना खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना लागू नाहीत. तिथे विद्यापीठाची स्वतःची मदत, एखादा ट्रस्ट किंवा बँकेचं कर्ज, एवढंच उरतं. आणि अल्पसंख्याकांसाठीच्या केंद्राच्या योजना आटत चालल्या आहेत. संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप बंद करत असल्याचं डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं गेलं. त्याविरुद्ध बोलायलाच हवं, या जागेवरून आम्ही बोललोही आहोत. पण यंदा जूनमध्ये फी भरायची आहे त्या मुलाला आमच्या निषेधाचा उपयोग नाही.

सच्चर समितीने २००६ मध्ये लिहून ठेवलं होतं की नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम, पदव्युत्तरला ५० मागे एक. हे वाक्य आपण सभांमध्ये वीस वर्षं ऐकतोय. त्या एकाला आत गेल्यावर काय काय होतं, याबद्दल मात्र आपण कमी बोलतो.

कागदांबद्दल एक गोष्ट, कारण सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात. गरज असून चालत नाही, ती सिद्ध करावी लागते. आपल्यात हातगाडी, गॅरेज, शिवणकाम, रद्दी, मटणाचं दुकान असे रोखीचे धंदे खूप. पगाराची स्लिप नाही, फॉर्म १६ नाही, आयकर विवरणपत्र कधी भरलेलं नाही, कारण “आपल्याला टॅक्सच बसत नाही”. आणि विद्यापीठ मागतं दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं. टॅक्स शून्य असला तरी विवरणपत्र भरता येतं. मूल अकरावीत गेलं की अब्बांना किंवा अम्मींना घेऊन एखाद्या अकाउंटंटकडे जा आणि सुरुवात करा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून निघतो, पण त्याला दिवस लागतात, आणि प्रवेशाच्या दिवसांत तिथली रांग तुम्ही पाहिली आहे. आधारवर ‘शेख’, मार्कशीटवर ‘शैख’ आणि रेशनकार्डावर तिसरंच काही असेल तर तेही आत्ताच दुरुस्त करा.

माझ्या ८.३१बद्दल कुणी विचारतं की तू आणखी अभ्यास केला असतास तर? केला असता तर कदाचित राहिली असती. पण तिसऱ्या सेमिस्टरला मला विषय कळत नव्हता आणि मी प्राध्यापकांच्या केबिनचं दार एकदाही वाजवलं नाही, कारण स्कॉलरशिपवाल्या मुलीला येत नाही हे दिसू नये. शिकवणीला मदत करणारे सीनियर्स होते, त्यांनाही विचारलं नाही. ही भीती मला आता मदतीच्या फॉर्मच्या लाजेची सख्खी बहीण वाटते.

तर तो सांगलीचा मुलगा. आम्ही दोघांनी मिळून विद्यापीठाला ई-मेल लिहिला. तीन प्रश्न. सीजीपीए एका सेमिस्टरला खाली आला तर सुधारायला संधी मिळते का? गेल्या दोन वर्षांत किती टक्के मुलांची सवलत शेवटपर्यंत टिकली? आणि उत्पन्नावर आधारित मदतीसाठी अर्ज करायची मुदत अजून आहे का? त्याचे अब्बा आधी गप्प होते. मग त्यांनी फोन घेतला आणि विचारलं, “मॅडम, यात मागितल्यासारखं नाही ना वाटणार?” मी त्यांना माझ्या भावाबद्दल सांगितलं.

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलंय. संधी एकदाच मिळते, अर्ज चालू आहेत. दुसऱ्याचं अजून नाही. डिपॉझिटची मुदत शुक्रवारची आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अब्बा आज दुकान बंद ठेवून सेतू केंद्रात गेलेत.