गाडी, गॅरेज आणि आपण : दार उतरवा, पण वायरी कापू नका

मंडळी, यावेळचा विषय एका वाचकानं दिला आहे. गृहस्थ मिरजेकडचे, आयटीआय केलेले, राहायला जलीबच्या हसावी भागात आणि कामाला एका गॅरेजात. गिऱ्हाईकाची १९८९ सालची कॅमॅरो रंगायला आलीय, दोन्ही दारं उतरवायची आहेत. अरबाब म्हणतो, "वायरी काप, नंतर टेप मारून जोड." आणि पुढे काच चालली नाही तर पैसे मात्र यांच्या पगारातून! यांचा प्रश्न साधा आहे: न कापता होईल का?

होतं. आणि तसंच करायला हवं.

आपल्या पद्मिनीच्या दारात काय होतं? काच वरखाली करायचा दांडा आणि कुलूप. वायर नावाला नाही. त्यामुळे मुंबईत हात बसलेल्या जुन्या मिस्त्रींना दार म्हणजे नुसता पत्रा वाटतो. (ती पद्मिनी टॅक्सीही ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून गेली. असो.) कॅमॅरोच्या १९८२ ते १९९२ या पिढीत मात्र, पॉवर विंडोचं मॉडेल असेल तर, काचेची मोटार, कुलपाची मोटार, स्पीकर, कधी आरशाची मोटार, सगळ्यांच्या वायरी एका रबरी नळीतून दारात शिरतात. दार लांबलचक आणि जड, म्हणून बिजागऱ्यांच्या पिना झिजतात आणि दार खाली लोंबतं. फक्त पिना बदलायच्या असतील तर दार जॅकवर नीट टेकवून जागच्या जागी काम होतं, वायरींना हात लावायची गरज नाही. रंगासाठी दार बाजूला न्यायचं असेल तरच पुढचं वाचा.

कापण्यातला धोका आधी सांगतो. या गाड्यांत काच आणि कुलपाच्या लाइनवर साधा फ्यूज नसून आपोआप पुन्हा जोडणारा ब्रेकर असतो. फ्यूज एकदा उडाला की विषय संपला. ब्रेकर तुटतो, गार होतो, परत जोडतो. टेप सुटून उघडी तार पत्र्याला लागली तर हे चक्र चालूच राहतं आणि वायर तापत जाते. नारिंगी वायर तर या कंपनीच्या गाड्यांत बहुधा किल्ली काढल्यावरही चालू असते. आणि इथला उन्हाळा! मित्रिबाला २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश नोंदले गेले होते. अशा हवेत टेपचा डिंक किती दिवस टिकणार? उद्या भर दुपारी सिग्नलला एसी बंद पडला आणि काच उतरेना, तर आत बसलेल्या पोराबाळांचं काय होईल ते सांगायला नको.

आता काम. काच हवी तिथे आणून ठेवा, कारण बॅटरी काढली की ती हलणार नाही. मग बॅटरीची मायनस बाजू सोडा. मूळच्या बाजूला बोल्ट असलेल्या बॅटरीला आठचा पाना लागतो. उंबऱ्याची पट्टी काढा, मग पायाजवळचं प्लास्टिकचं पॅनल. ड्रायव्हरकडे ते डाव्या पायाशी आहे. त्यामागे कनेक्टर सापडतात. मोबाइलवर फोटो काढा, कापडी टेपवर आकडे घालून दोन्ही बाजूंना चिकटवा. स्मरणशक्तीवर भरवसा नको, रंगवाल्याकडून दार कधी परत येईल ते कोणी सांगावं!

कनेक्टर सुटत नाही म्हणून वायर ओढू नका. लॉकमध्ये बारीक वाळू भरलेली असते, ती हवेनं उडवा. दोन्ही भाग आधी एकमेकांत दाबा, म्हणजे लॉकवरचा ताण जातो. मग जीभ दाबून प्लास्टिकला धरून वेगळे करा. पस्तीसेक वर्षं उन्हात भाजलेलं प्लास्टिक पापडासारखं मोडतं. जानेवारीच्या थंड सकाळी केस वाळवायच्या यंत्रानं थोडं ऊबवून घ्या. उन्हाळ्यात तो प्रश्न नाही, पण जून ते ऑगस्ट सकाळी अकरा ते चार उघड्यावर काम करायला सरकारची मनाई आहे, हे अरबाबला नम्रपणे ऐकवायला हरकत नाही.

रबरी नळी खांबाच्या भोकातून सोडवा आणि कनेक्टर एकेक करून बाहेर घ्या. त्याआधी टोकाला दोरी बांधा. दार परत बसवताना त्याच दोरीनं वायरी आत येतात, पायजम्यात नाडी ओवावी तशा. दोरी विसरलात तर अर्धा दिवस गेला समजा.

नळी मोकळी झालीच आहे तर वायरी वाकवून पाहा. दार हजारो वेळा उघडमीट झाल्यानं वरचं आवरण शाबूत आणि आतलं तांबं तुटलेलं, असं पुष्कळदा निघतं. दार अर्धं उघडल्यावरच काच चालते, ही त्याची खूण. तिथे बारीक तारांची लवचिक वायर घाला, पण सांधे नळीच्या बाहेर आणि एकमेकांपासून पुढेमागे घ्या. वाकणाऱ्या जागी सोल्डर केलेला सांधा टिकत नाही.

दार लावताना पॅनल बसवण्याआधी काच, कुलूप, स्पीकर सगळं तपासा, दार उघडून एकदा आणि बंद करून एकदा. आणि मिरजकर, काम सुरू करण्यापूर्वी काच चालताना गिऱ्हाईकाच्या देखत व्हिडिओ काढून ठेवा. पगार कापायची वेळ आली तर तो दाखवता येईल.

पुढच्या अंकी बिजागरीच्या पिना.