अत्तरातील तंबाखू, तंबाखूतील अत्तर

ईदच्या खरेदीला आम्ही दरवर्षी अमरावतीहून अकोल्याला बहिणीकडे जातो आणि ताजनापेठेतून अत्तर घेतल्याशिवाय परतत नाही. यंदा दुकानदाराने मनगटावर एक नवीनच काडी फिरवली. मध, सुके अंजीर, उन्हात वाळलेले गवत, असा काहीसा गोडसर वास. "सर, ये टोबॅको है. आजकल जवान लडके यहीच मांगते."

बहिणीने नाकाला लावलेला हात झटकन मागे घेतला. "भाईजान, तंबाखू लावून मशिदीत जाणार का?"

प्रश्न चुकीचा नव्हता. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. (खर्रा घोटून सफेत उभे राहणाऱ्यांना ते कोण सांगणार, हा वेगळा विषय.) पण अत्तरातली तंबाखू ही जाळलेली किंवा चघळलेली नसते. हिरव्या पानाला हा वास नसतोच. पान तोडून वाळवतात, मुरवतात, तेव्हा त्यातली रंगद्रव्ये तुटतात आणि सुगंधी द्रव्ये तयार होतात. त्यातली काही गुलाबाच्या तेलातही असतात. एकाचे तर नावच दमास्कसच्या गुलाबावरून पडले आहे! अत्तरासाठी द्रावकाने पानाचा अर्क काढतात आणि त्यातले निकोटीन सहसा वेगळे करतात. स्वस्त कुपीत तर बहुधा तंबाखूचे पानही नसते. व्हॅनिला आणि वाळल्या गवताचा वास देणारे कुमारिन मिसळून तो भास तयार करतात. हा शौक नवाही नाही. पॅरिसच्या कॅरॉन कंपनीने 'ताबा ब्लाँ' नावाचा परफ्यूम 1919 साली बाजारात आणला होता.

एवढे सांगितल्यावर बहिणीने पुन्हा वास घेतला. "छान आहे," म्हणाली.

आमचे मन मात्र दुसऱ्याच वासावर अडकले होते. हिवाळ्यात एका जुम्याला आमच्या आठवीच्या वर्गात केवड्याचा दरवळ आला. आम्ही त्या मुलाला सर्वांसमोर म्हणालो, "माशाअल्लाह, आज मस्त अत्तर लावलेस!" मागचे बाक हसले. मुलगा खाली बघू लागला. सुट्टीत खिशातून पुडी निघाली. सुगंधी जर्दा. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे, महाराष्ट्रात 2012 पासून गुटखाही बंद आहे. पण ही पुडी टपरीवरची नव्हतीच. दादीच्या पानदानातली होती. "सर, वास चांगला येतो म्हणून चाखली," एवढेच तो बोलला.

खरे तर त्याने आमच्यासारखेच केले होते. नाकावर विश्वास ठेवला होता.

अत्तरवाला तंबाखूतून वास घेतो आणि निकोटीन टाकतो. जर्दावाला उलटे करतो. निकोटीन ठेवतो आणि वर वास चढवतो. कनौजची अत्तरे, ओडिशाच्या गंजामचा केवडा यांचा बराच माल या धंद्यात जातो. आपला मुलूखही यातून सुटलेला नाही. मेळघाट, निमाड, खानदेशात उगवणाऱ्या रोशा गवताच्या तेलाला गुलाबासारखा वास असतो. पूर्वी ते मुंबई बंदरातून अरबस्तान-तुर्कस्तानकडे जाई आणि गुलाबाच्या महाग तेलात मिसळले जाई. तेच तेल साबणात पडते, तसे तंबाखूतही पडते. तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण असलेली वस्तू गुलाब-केवड्याचा वास घेऊन घरात येते. मग घरात तिला कोणी तंबाखू म्हणतच नाही, 'दादीचे पान' म्हणतात.

आम्ही त्या घरी गेलो. दादीने चहा दिला, पानदान पुढे सरकवले आणि म्हणाल्या, "मास्टरसाहब, आम्ही साठ वर्षे खातो, काय झाले?" आम्ही वाद घातला नाही. आमच्या अम्मीच्या पानदानातही किमामची डबी असायची आणि तिचे झाकण उघडून हुंगायला आम्हाला फार आवडायचे, एवढे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग जर्द्याची डबी उचलून त्यांनी कपाटात ठेवली आणि किल्ली पदराला बांधली. खाणे सोडले नाही.

अकोल्याच्या दुकानात ती कुपी आम्ही घेतली नाही. लावण्यात काही गैर आहे म्हणून नव्हे. वर्गात त्या मुलाने विचारले असते, "सर, आज कोणते अत्तर?" तर काय सांगावे, ते सुचेना. खसचे घेऊन आलो.