स्वस्त म्हणजे टाकाऊ नव्हे : चेकोस्लोव्हाक ‘नमुना ८२’ पिस्तुलाची बाजू

१/ जुन्या शस्त्रांची चर्चा निघाली की एक शेरा हमखास कानी पडतो : “सीझेड-८२ ना? मकारोव्हची नक्कल. सरप्लसचा स्वस्त माल.” एवढ्याशा शेऱ्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही चुका इतिहासाच्या आहेत. आज त्यांचा समाचार घेऊ.

२/ आधी ओळख. चेक भाषेत ‘व्झोर’ म्हणजे नमुना. ‘व्झोर ८२’ हे चेकोस्लोव्हाक सैन्याचे पिस्तूल. बाजारातील त्याचे नाव सीझेड-८२. रचनाकार ऑगस्टिन नेचास, कारखाना मोरावियातील उहेर्स्की ब्रोद येथील. सांगाडा आणि स्लाइड दोन्ही पोलादी, नळी जेमतेम ९७ मिमी, वजन सुमारे ८०० ग्रॅम, मॅगझिनमध्ये १२ काडतुसे. १९८३ पासून ते सैन्यात दाखल झाले.

३/ पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडू. दोन्ही पिस्तुलांचे काडतूस एकच, ९×१८ मिमी. दोन्हींत नळी सांगाड्याला पक्की बसवलेली आणि परतीची स्प्रिंग तिच्याभोवती गुंडाळलेली. चापाभोवतीची कमान खाली ओढून स्लाइड उतरवण्याची रीतही एकच. साम्य आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु ही मांडणी मकारोव्हची तरी कुठे आहे? ती १९२९ च्या जर्मन वाल्थर पीपीची. उगम एक असला म्हणून एक भाऊ दुसऱ्याची नक्कल ठरत नाही.

४/ काडतुसाचे काय? ती निवड कारखान्याची नव्हती. १९५५ मध्ये वॉर्सा करार झाला. मित्रसैन्यांचा दारूगोळा एकसारखा असावा, हा त्यामागील लष्करी व्यवहार. चेकोस्लोव्हाकियाचे आधीचे पिस्तूल, नमुना ५२, हे ७.६२×२५ मिमी काडतुसाचे होते. पुढे ९×१८ स्वीकारणे क्रमप्राप्त झाले. काडतूस मॉस्कोने ठरवले. ते झाडणारे यंत्र कोणते, हा प्रश्न मात्र मोकळा राहिला.

५/ त्याचे उत्तर उहेर्स्की ब्रोदने स्वतःच्या बुद्धीने दिले. मकारोव्हमध्ये ८ काडतुसे एका रांगेत. येथे १२, दुहेरी रांगेत. मकारोव्हची सुरक्षा-कळ स्लाइडवर, डाव्या बाजूस; येथे ती सांगाड्यावर, दोन्ही बाजूंस. तेथे मॅगझिन सोडवण्याची खिट्टी मुठीच्या तळाशी. येथे बटण चापामागे, तेही दोन्ही बाजूंस. म्हणजे डावखुऱ्या सैनिकाचाही विचार झाला आहे. नळीच्या आत धारदार चऱ्यांऐवजी गुळगुळीत बहुकोनी रचना आहे. इतके बदलल्यावर नक्कल कशाची उरली?

६/ शेजारी पाहिले की मुद्दा अधिक स्पष्ट होतो. पूर्व जर्मनी आणि बल्गेरिया यांनी मकारोव्हच बनवले. पोलंडने त्याच काडतुसासाठी स्वतःचे पी-६४ घडवले. हंगेरीने हलक्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचे पीए-६३ काढले. म्हणजे तयार नमुना उचलण्याची वाट उघडी होती आणि ती काहींनी घेतलीही. ‘पोलादी पडद्यामागे सारे एकाच साच्यातले’ हे आपल्या मनातील चित्र या चार-पाच पिस्तुलांपुढे टिकत नाही.

७/ चेक कारागिरीची ही जुनी खोड आहे. नमुना ५८ ही त्यांची रायफल दुरून कलाश्निकोव्हसारखी दिसते. उघडून पाहिली तर आतील यंत्रणा निराळीच. आणि भारतीय सैन्याने वर्षानुवर्षे वापरलेली ब्रेन गन? त्या नावातील पहिला अर्धा भाग चेक शहर ब्रनोचा, उरलेला इंग्लंडमधील एनफील्डचा. ती गन आपल्याकडे ईशापूरच्या कारखान्यातही तयार होत असे. ज्यांची रचना इंग्रजांनी मागून घेतली, त्यांना ‘नकलाकार’ म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी.

८/ मात्र दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. या पिस्तुलात सोव्हिएत सत्तेविरुद्धचे बंड शोधणे म्हणजे पोवाडा रचणे होय. ऑगस्ट १९६८ मध्ये प्रागच्या रस्त्यांवर सोव्हिएत रणगाडे शिरले आणि सोव्हिएत सैन्य १९९१ च्या जूनपर्यंत त्या देशात राहिले. नमुना ८२ त्याच ताबेदारीत जन्मले. ताबेदारीतही कारखान्याचे कसब आणि अभिमान जिवंत राहू शकतो, एवढेच ते सांगते. तेवढे पुरेसे आहे.

९/ आता दुसरी चूक : ‘स्वस्त, म्हणून टाकाऊ’. हे पिस्तूल एकेकाळी अमेरिकेच्या सरप्लस बाजारात सुमारे २०० डॉलरला मिळत असे. का? पोलाद हिणकस होते म्हणून नव्हे. १ जुलै १९९१ रोजी वॉर्सा करार संपुष्टात आला. १ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकिया हे राष्ट्रच दुभंगले. १२ मार्च १९९९ रोजी चेक प्रजासत्ताक नाटोत गेले, आणि नाटोचे पिस्तुली काडतूस ९×१९. कोठारांतील धडधाकट पिस्तुले करारांच्या शाईने निरुपयोगी ठरली.

१०/ म्हणून ती किंमत शस्त्राच्या दर्जाची साक्ष देत नाही. ती एका राज्यव्यवस्थेच्या अंताची साक्ष देते. मराठी वाचकाला हे निराळे समजावायला नको. मोडी कागदांची रुमाले रद्दीच्या भावाने विकली गेल्याच्या हकिकती आपण हळहळत सांगतो. वाण्याने पुडी बांधली म्हणून त्या कागदाचे मोल पुडीइतके झाले का? भाव विकणाऱ्याची निकड सांगतो. मोल ठरवायला वाचावे लागते.

११/ शस्त्र वाचण्याची एक रीत म्हणजे ते झाडून पाहणे. कायदा आणि परवाना जेथे मुभा देतात, तेथे, नेमबाजीच्या मैदानावर. पहिली गोळी चाप लांब आणि जड ओढून सुटते, कारण तोच चाप घोडाही मागे नेतो. दुसरी हलक्या ओढीने सुटते. येथे नळीला कुलूप नाही. स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा ताठपणा हेच काय ते कुलूप. त्यामुळे स्लाइड मागे ओढतानाच मनगटाला यंत्रणा उमगते. रुंद मूठ आणि पोलादी वजन धक्का पेलतात. छोटेखानी, हलक्या पी-६४ चा झटका याहून तीव्र. हे कोष्टकातून कळत नाही.

१२/ दोष? आहेत, आणि लपवण्याचे कारण नाही. आकारमानाच्या मानाने जड. मारा ९×१९ हून दुबळा. काडतूस सर्वत्र सहज मिळत नाही. नावात ‘९ मिमी’ असले तरी या काडतुसाची गोळी सुमारे ९.२७ मिमी जाडीची, ९×१९ ची ९.०२, एकाचे दुसऱ्यात चालत नाही. जुन्या लष्करी काडतुसांपैकी काहींच्या टोपीतील रसायनाने नळीत क्षार उरतात. त्याच दिवशी धुऊन तेल न दिल्यास गंज चढतो. जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय असले जुने शस्त्र झाडू नये, हे वेगळे सांगायला नको.

१३/ माझा खरा राग आहे तो ‘सुधारणा’ करणाऱ्यांवर. या पिस्तुलावर काळा रंग असे. वापराने त्याचे टवके उडतात. मालक तो खरवडतो, पोलाद आरशासारखे घासतो, वर चकचकीत मुलामा देतो. एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारींची लष्करी स्वीकृतीची खूण आणि शेजारचे वर्षाचे अंक त्या घासण्यात पुसट होतात. अमेरिकी कायद्याप्रमाणे आयातदाराने कोरलेले नावही अनेकांना डाग वाटते. अहो, तो डाग नाही, दाखला आहे. एका देशाच्या कोठारातून दुसऱ्या देशाच्या दुकानात शस्त्र कसे आले, याचा तो कोरीव पुरावा.

१४/ यावर ठरलेले उत्तर येते : “माझे पैसे, माझे पिस्तूल.” कायद्याने ते खरे आहे. ताम्रपट ज्याच्या घरी सापडतो तोही त्याचाच असतो. म्हणून त्याचे कोणी तपेले करावे काय? “अशी हजारो पिस्तुले आहेत” हा बचावही लटका आहे. प्रत्येकाने असाच विचार केला की हजारांची शेकडा होतात, आणि मग त्याच मंडळींकडून ‘मूळ स्थितीतील दुर्मीळ नमुना’ अशी जाहिरात येते.

१५/ आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याविना पिस्तूल बाळगणे गुन्हा आहे. तेव्हा आपल्यातील बहुतेकांचा संबंध केवळ अभ्यासाचा. तरीही धडा आपलाच आहे. पुढल्या वेळी एखाद्या तलवारीला, तोफेला किंवा पिस्तुलाला कोणी ‘नक्कल’ म्हणाले, तर तीन प्रश्न विचारा. कोणती गोष्ट वरून लादलेली होती? कोणती निवडलेली होती? आणि ती आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आली? ‘नमुना ८२’ या तिन्हींची उत्तरे स्वतःच्या अंगावर वागवते. ती घासून टाकू नका.

लेखनसीमा.