पिवळ्या उमरावाची लहर

फराळाच्या ताटात जशी चकली, तसा दिवाळी अंकात एखाद्या लहरी माणसावरचा लेख. त्यातून तो इंग्रज उमराव असला, घोडे, कुत्री आणि मुष्टियुद्ध यांचा शौकी असला, म्हणजे लेखकाचे निम्मे काम झालेच! हे लेख मीही चवीने वाचले आहेत. पावसाळ्यात मोकळ्या तासाला मुलांना सांगून वर्ग शांतही ठेवला आहे. आज मात्र त्या लेखांशी माझे भांडण आहे.

लॉन्सडेलचा पाचवा अर्ल ह्यू लॉदर याचेच पाहा. जन्म 1857 चा. थोरला भाऊ 1882 साली वारला आणि लॉदर कॅसल, अफाट जमीनजुमला व व्हाइटहेवनच्या कोळशाच्या खाणींचे उत्पन्न याच्या पदरात पडले. मग काय विचारता! पिवळा रंग आवडे, म्हणून बग्ग्या पिवळ्या, नोकरांचे पोशाख पिवळे, पुढे मोटारी आल्या त्याही पिवळ्या. कोटाला अनंताचे ताजे फूल, तोंडात वीतभर चिरूट, दिमतीला घरचा वाद्यवृंद. 1888 साली उत्तर कॅनडाच्या बर्फात शिरला तो अलास्कापर्यंत जाऊन आला. 1891 साली पैजेवर 20 मैल घोडे तासाच्या आत पिटाळले. जर्मनीचा कैसर त्याच्याकडे शिकारीला येई. जॉन सलिव्हन या नामांकित मुष्टियोद्ध्याला आपण लोळवले, असेही हे गृहस्थ सांगत; पुरावा कोणाला सापडला नाही. पण उमरावाकडे पुरावा मागायचा कोणी?

या सगळ्याला आपण ‘लहर’ म्हणतो. आमच्या आळीतल्या एखाद्या कारकुनाने घर, छत्री आणि सायकल पिवळी रंगवून दररोज बँड लावला, तर सासुरवाडीची मंडळी त्याला ठाण्याला नेऊन सोडतील. गरिबाचे ते वेड, श्रीमंताची ती लहर. शब्दकोशात हा फरक दिलेला नसतो. तो खिशात असतो.

‘पण मास्तर, त्याने खेळासाठी केले ते?’ केले, नाकारत नाही. गल्लीबोळातल्या मारामारीला नियमांची शिस्त लावणाऱ्या लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबचा तो पहिला अध्यक्ष. 1909 पासून ब्रिटिश विजेत्यांना जो पट्टा मिळतो, तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. क्लबात सभासद जेवण उरकून, उंची पोशाखात बसत, आणि फेरी चालू असताना चकार शब्द काढायचा नाही असा दंडक. समोर गिरणी-गोदीतली पोरे एकमेकांची नाके फोडीत आहेत आणि प्रेक्षक देवळात बसल्यासारखे स्तब्ध! शिवाय या खिलाडूपणाला एक कुंपण होते. ब्रिटिश विजेतेपदासाठी गोऱ्या आईबापांच्याच पोटी जन्म घ्यावा लागे. हा वर्णभेद 1948 साली उठला, तेव्हा कुठे डिक टर्पिन हा पहिला काळा मुष्टियोद्धा त्या पट्ट्याचा धनी झाला. तोवर अर्लसाहेब वारून चार वर्षे झाली होती. इथल्या एखाद्या पोराच्या मुठीत कितीही बळ असते, तरी त्या सोन्याला त्याचा हात लागता ना. याला मी खिलाडूपणा म्हणावे?

आता खाणीकडे येतो. ज्या लेखांशी माझे भांडण आहे, त्यांत ती एका ओळीत आटोपते. व्हाइटहेवनची वेलिंग्टन खाण किनाऱ्यापासून थेट समुद्राच्या तळाखाली मैलोगणती गेलेली. 11 मे 1910 रोजी तिच्यात आग लागली. आत असलेल्यांपैकी 136 माणसे व पोरे परतली नाहीत. दुसऱ्या दिवशी आग कोंडून विझवावी म्हणून खाण विटांनी बुजवण्यात आली. बाहेर बायका उभ्या होत्या. काही महिन्यांनी खाण उघडली, तेव्हा आत खडूने लिहिलेला निरोप सापडला: चार वाजले आहेत, इथे सगळे ठीक आहे, आम्ही पस्तीस माणसे आणि पोरे आहोत, अशा अर्थाचा. मी खडूवर पोट भरणारा माणूस. तो निरोप वाचल्यापासून पिवळ्या बग्गीची गोष्ट मला वर्गात सांगवत नाही.

कोणी म्हणेल, खाण त्याने केव्हाच कंपनीला खंडाने दिली होती, त्याचा काय दोष? आगीचा दोष मी त्याच्यावर ठेवीत नाही. माझे म्हणणे एवढेच, की खाली न उतरता खंड मिळत होता आणि त्यातच अनंताची फुले येत होती. त्या पस्तिसांतला कोणाला कबुतरांचा नाद असेल, कोणी रविवारी कुस्ती खेळत असेल. त्यांच्या लहरींवर दिवाळी अंकात लेख आलेला मी पाहिला नाही.

उधळपट्टीने अर्लसाहेबांचे वाडे एकेक करून विकले गेले. 1944 साली ते वारले, 1947 साली घरातल्या चीजवस्तूंचा लिलाव झाला आणि 1957 साली वारसांनी लॉदर कॅसलचे छप्पर उतरवले. भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. हौशी प्रवासी आता तिथे जातात, आणि परत येऊन लेख लिहितात.