पहिलं सेमिस्टर संपलं, आता तिला बोलू द्या

परदेशातलं शिक्षण ही आता फक्त पुण्या-मुंबईच्या घरांतली गोष्ट राहिलेली नाही. आमच्या वडनेर भोलजीसारख्या हायवेवरच्या गावातही कुणाची भाची जर्मनीत, कुणाच्या नणंदेची मुलगी आयर्लंडमध्ये असल्याचं कानावर येतं. शेगावला किंवा मलकापूरला इंजिनीअरिंग करायचं, दोन वर्षं पुण्यात नोकरी करायची आणि मग बँकेचं कर्ज काढून बाहेर जायचं, अशी वाटच पडली आहे. मुलगी निघते तेव्हा पेढे वाटले जातात, सत्कार होतो, पेपरात फोटो येतो. पण पाच-सहा महिन्यांनी तिचं पहिलं सेमिस्टर संपतं, त्या दिवसाची कुणी दखलही घेत नाही. माझ्या मते, घरच्यांनी लक्ष द्यायचा खरा दिवस तोच असतो.

जाताना तिच्याजवळ फक्त स्वप्न असतं. सेमिस्टर संपतं तेव्हा तिच्याजवळ स्वतःचा अनुभव असतो. तो सांगायचा असतो, पण ऐकणारं कुणी लागतं. आपण फोनवर काय विचारतो? जेवलीस का? थंडी किती आहे? मार्क किती पडले? पुढे शेजारीण विचारते, "नोकरी कधी लागंन वं पोरीले?" ह्या सगळ्याला ती एकच उत्तर देते, "मजेत आहे."

माझ्या ओळखीतल्या एका घरची मुलगी जर्मनीत एम. एस. करते. तिथलं हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबर ते मार्च. डिसेंबरात दुपारी साडेचार-पाचलाच अंधार पडतो आणि रविवारी दुकानं बंद. सहा दिवस अभ्यासात जातात, पण रविवारची शांतता अंगावर येते, असं ती म्हणाली. वर्गात हजेरी नाही, कुणी रागावत नाही आणि नेमकं तेच जड गेलं. आपल्याकडे सर सांगतील ते उतरवून घ्यायची सवय. तिथे प्राध्यापकांनी विचारलं, "तुमचं स्वतःचं मत काय?" सोळा वर्षं शाळा-कॉलेजात काढून हा प्रश्न आपल्याला पहिल्यांदाच कुणी विचारला, हे तिला त्या दिवशी कळलं.

त्या सेमिस्टरला तिचा एक विषय राहिला. महिनाभर तिने घरी सांगितलं नाही. तिच्या वडिलांनी चार एकर शेत तारण ठेवलं होतं ना! रोज व्हिडिओ कॉलवर हसायची आणि फोन ठेवून रडायची. शेवटी आईला आवाजावरून कळलं. आई सातवी शिकलेली. ती एवढंच म्हणाली, "शेत आपलं आहे, पेपर तुझा आहे. पुन्हा दे." मुलगी मला म्हणाली, "मावशी, त्या एका वाक्यावर माझं दुसरं सेमिस्टर निघालं."

आता थोडं मागे जाऊ. आनंदीबाई जोशी आपल्या सगळ्यांना माहीत आहेत, शाळेत त्यांचा धडा असतो, भिंतीवर फोटो असतो. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघं १८. घरचं कुणीच सोबत नव्हतं. फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात शिकल्या आणि ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाल्या. हे आपण पाठ केलं. पण मधली तीन वर्षं कशी गेली? कडाक्याची थंडी, धूर करणारी शेकोटी, परकं अन्न, त्यात स्वतः रांधून खाणं. नऊवारीत पायाला थंडी लागते म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली, तर त्याचाही खुलासा नवऱ्याला पत्रातून करावा लागला. विचार करा, बाई हाडं गोठवणाऱ्या थंडीत शरीरशास्त्र शिकते आहे आणि घरून चौकशी कसली, तर साडीची! आज आपण मुलीला फोटो बघून "हे काय घातलंस?" असं विचारतो, तेव्हा १४० वर्षांत फार पुढे आलो असं वाटत नाही.

आनंदीबाईंना अमेरिकेत एक माणूस मिळालं, न्यूजर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. त्यांच्यापाशी मन मोकळं करता येत असे. परक्या देशात अशी एक मावशी मिळाली, म्हणून तो काळ निभावला. आनंदीबाई मायदेशी आल्या त्या आजारी होऊनच. कोल्हापूरच्या दवाखान्यातली नेमणूक हातात होती, पण रुजू होता आलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या, बावीसही पूर्ण नव्हती.

त्यांच्या पदवीदान समारंभाला इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या पंडिता रमाबाई. त्याही परदेशात शिकणाऱ्याच, चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकत आणि संस्कृत शिकवतही होत्या. पुढे अमेरिकेत राहून त्यांनी तिथल्या शाळा, बायकांच्या संस्था डोळसपणे पाहिल्या, बालवाडीचं शिक्षण समजून घेतलं. परत आल्यावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं आणि त्याच वर्षी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं. जे पाहिलं ते त्यांनी मराठीत, आपल्या माणसांसाठी मांडलं. परदेशी शिकून आणायची खरी वस्तू ही. चॉकलेटं तर कुणीही आणतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच. मुलीचं पहिलं सेमिस्टर संपलं की एक दिवस शांतपणे फोन लावा. काका, आत्या, शेजारी कुणी जवळ नको. "मार्क किती" हा प्रश्न त्या दिवशी बाजूला ठेवा. तसंही जर्मनीत १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास, त्यामुळे आपल्या हिशेबाने उलटंच वाटतं! तिला विचारा, तिथे तुला काय वेगळं दिसलं? कशाची भीती वाटली? आपल्याकडचं काय चांगलं वाटलं, काय खटकलं? आणि उत्तर आपल्याला टोचणारं असलं तरी मधे बोलू नका. "मग गेलीस कशाला?" हे वाक्य तर तोंडून काढूच नका. त्या एका वाक्याने पुढच्या दोन वर्षांचं बोलणं बंद होतं.

पैशाचं ओझंही समजून घ्या. जर्मनीच्या व्हिसासाठी खात्यात दाखवायची रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो झाली. हा आकडा मुलीच्या डोक्यात रोज असतो, त्याची आठवण आपण वेगळी करून द्यायला नको. ज्यांची मुलगी अजून जायची आहे, त्यांनी कर्जाआधी शिष्यवृत्तीची चौकशी करावी. अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल २०१५ मध्ये सुरू झालं, तिथे मुलीची नोंद करून ठेवावी. विद्यापीठात समुपदेशक असतात, त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा नाही, हे आईनेच सांगितलं तर मुलीला ते पटतं.

आणि ती सुट्टीत घरी आली की सत्काराचा नारळ देऊन मोकळ्या होऊ नका. बचत गटाच्या बैठकीत, शाळेतल्या दहावीच्या मुलींसमोर तिला बसवा. तिचा राहिलेला विषय, तिचा एकटा रविवार, तिला पहिल्यांदा विचारलं गेलेलं "तुमचं मत काय?" हे सगळं आपल्या भाषेत सांगू द्या. समोर बसलेल्या मुलींपैकी एखादी उद्या जाणार असेल. ती जाण्याआधीच तिला माहीत असू दे की अडलं तर घरी खरं सांगता येतं.