विश्लेषण : थापड एकच, कलम वेगळं! 'अॅट्रॉसिटी'त शिक्षा नेमकी कशी वाढते?

यवतमाळ : वावराच्या धुऱ्यावरून दोघांत बाचाबाची होते. एक जण दुसऱ्याच्या कानाखाली वाजवतो, शिव्या देतो, 'पाहून घेईन' म्हणतो. ठाण्यात गेलं की अशा भांडणाची बहुतेक वेळा 'एनसी' होते, म्हणजे अदखलपात्र गुन्हा. हातात एक कागद मिळतो आणि कोर्टात जायला सांगितलं जातं. गावाच्या भाषेत प्रकरण तिथंच 'निपटतं'.

आता हेच भांडण थोडं बदलून पाहा. मार खाणारा कोलाम, गोंड किंवा बौद्ध समाजाचा आहे, मारणारा अनुसूचित जाती-जमातीचा नाही, आणि शिवी चौकात चारचौघांसमोर जातीवरून दिली गेली. आता हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र झाला. तपास ठाण्याच्या जमादाराकडे राहत नाही आणि खटला विशेष न्यायालयात चालतो. हात तोच, गाल तोच, मग एवढा फरक का? आपल्या जिल्ह्यात लोकसंख्येचा सुमारे तीस टक्के भाग अनुसूचित जाती-जमातींचा आहे. त्यामुळे हा प्रश्न प्रत्येक गावाचा आहे.

साधा कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात साध्या मारहाणीला कलम ११५(२) लागतं. त्यात जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. चिथावणीसाठी केलेल्या अपमानाला कलम ३५२ आणि साध्या धमकीला ३५१(२) आहे. दोन्हीत कमाल शिक्षा दोन वर्षं. या तिन्ही कलमांत किमान शिक्षाच नाही. नुसता दंड भरूनही सुटका होऊ शकते. पहिलाच गुन्हा असेल तर न्यायालय चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावरही सोडू शकतं.

अॅट्रॉसिटीत काय वाढतं?

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. २०१५ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. शिक्षा तीन वेगळ्या प्रकारांनी वाढते. लोक इथेच गोंधळतात.

पहिला प्रकार कलम ३(१) चा. लोकांसमोर जातीवरून शिवी देणं, अपमान करणं, जमीन बळकावणं, उभं पीक नासवणं, वनहक्काच्या जमिनीवर अडवणूक करणं, सार्वजनिक विहीर-रस्ता-स्मशानभूमी वापरू न देणं, लग्नाची वरात अडवणं, बहिष्कार टाकणं हे सगळं त्यात येतं. शिक्षा किमान सहा महिने, कमाल पाच वर्षं आणि दंड. 'किमान' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. गुन्हा सिद्ध झाला तर नुसत्या दंडावर भागत नाही. कलम १९ नुसार १८ वर्षांवरील आरोपीला बंधपत्रावर सुटण्याची सवलतही मिळत नाही.

दुसरा प्रकार कलम ३(२)(व्हीए) चा. साधी मारहाण, धमकी, दुसऱ्याच्या वावरात घुसणं असे काही ठरावीक गुन्हे कायद्याच्या परिशिष्टात दिले आहेत. त्यांत कैदेची मुदत वाढत नाही. मूळ कायद्यात आहे तेवढीच राहते, वर दंड होतो. वाढते ती प्रक्रिया. कलम १८ मुळे अटकपूर्व जामिनाचा दरवाजा बहुतेक बंद होतो, १९९५ च्या नियमांनुसार तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि ६० दिवसांत दोषारोपपत्र अपेक्षित असतं. कैद वाढली नाही तरी आरोपीच्या घरी झोप उडते ती यामुळेच.

तिसरा प्रकार कलम ३(२)(व्ही) चा. मूळ गुन्ह्याला दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा असेल तर इथे थेट जन्मठेप.

जात माहीत असणं आणि जातीमुळे मारणं

२०१६ पूर्वी मोठ्या गुन्ह्यात 'पीडित त्या जातीचा आहे म्हणूनच हे केलं' असं सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागे. मनातलं कारण सिद्ध करणं किती कठीण आहे, हे विदर्भाने खैरलांजीत पाहिलं. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. वादाच्या मुळाशी शेतातून जाणारा रस्ता होता. शेजारच्या गावच्या पोलीस पाटलाला झालेल्या मारहाणीत या घरच्या बायांनी साक्ष दिली होती. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, पण अॅट्रॉसिटी सिद्ध झाली असं मानलं नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीचं रूपांतर २५ वर्षांच्या जन्मठेपेत केलं. हत्येमागे जात नाही, सूडाची भावना आहे, असं न्यायालयाचं म्हणणं राहिलं. ज्या घटनेने उभा महाराष्ट्र जातीच्या प्रश्नावर पेटला, तिच्या निकालात जात नव्हती.

नव्या दुरुस्तीत 'म्हणून केलं' ऐवजी 'जात माहीत असून केलं' असे शब्द आले. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या घरच्यांना ओळखत असेल तर त्याला जात माहीत होती असं कलम ८ नुसार न्यायालय गृहीत धरतं. गावात कोण कोणाला ओळखत नाही? त्यामुळे 'मला जात माहीत नव्हती' हा बचाव खेड्यात फारसा टिकत नाही.

पण शिवीगाळ-अपमानाच्या लहान गुन्ह्यांत कसोटी आजही कडक आहे. तिथे दोन गोष्टी लागतात. अपमान जातीवरून झाला पाहिजे आणि लोकांना दिसेल-ऐकू येईल अशा जागी झाला पाहिजे. उत्तराखंडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितलं, की घराच्या चार भिंतीत, बाहेरचं कोणी नसताना झालेल्या शिवीगाळीला हे कलम लागत नाही. नुसता जमिनीचा वाद आहे आणि समोरचा अनुसूचित जातीचा आहे, एवढ्याने अॅट्रॉसिटी होत नाही. उलट आपल्याच राज्यातल्या धाराशिव जिल्ह्यात विधानसभा निवडणुकीतल्या मतदानावरून घराबाहेर मारहाण आणि जातीवाचक शिवीगाळ झाल्याची फिर्याद होती. तिथे उच्च न्यायालयाने दिलेला अटकपूर्व जामीन सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये रद्द केला.

'एकाच समाजाला वेगळा कायदा कशाला?'

पारावर हा प्रश्न नेहमी निघतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. गुन्ह्यामागचं कारण पाहून शिक्षा वाढवणं फक्त भारतात होतं असं नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९८९ मध्ये एका मुलाला त्याचा वंश पाहून मारहाण झाली. त्या गुन्ह्याची कमाल शिक्षा दोन वर्षं होती. द्वेषातून केलेल्या गुन्ह्याच्या कायद्यामुळे ती सात वर्षांपर्यंत गेली आणि आरोपीला चार वर्षं झाली. १९९३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं. तिथे मार खाणारा गोरा होता आणि आरोपी काळा. म्हणजे तो कायदा दोन्ही बाजूंनी चालतो, आपला एकाच बाजूने. कारण आपल्याकडे विहिरीवरून, देवळातून आणि पांदणीतून कोणाला हाकललं गेलं, हे गावाला माहीत आहे.

युक्तिवादाचा आधार मात्र एकच. धुऱ्यावरून मारलेली थापड एका माणसाला लागते. जातीवरून चौकात मारलेली थापड त्याच्या पोडावरच्या, वस्तीवरच्या प्रत्येक घराला लागते. तिची दहशत दुसऱ्या दिवशी मजुरीला जाणाऱ्या बायांच्याही पायात असते.

खोट्या तक्रारींची भीतीही खरी आहे. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटकेपूर्वी परवानगी आणि प्राथमिक चौकशीची अट घातली होती. २ एप्रिलला भारत बंद झाला. त्याच वर्षी संसदेने कलम १८-ए आणून ती अट काढली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयानेही ती दुरुस्ती मान्य केली. तरी फिर्याद वाचताच गुन्हा बनत नाही असं दिसलं, तर न्यायालय अटकपूर्व जामीन देऊ शकतं. तेवढी वाट उघडी आहे.

कोणाला हे संरक्षण नाही?

पुसद, दिग्रस, आर्णीच्या तांड्यांवर हा गैरसमज मोठा आहे. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातीत येतो, अनुसूचित जमातीत नाही. त्यामुळे तांड्यावरच्या माणसाला जातीवरून मारलं तरी अॅट्रॉसिटी लागत नाही. आरोपी स्वतः अनुसूचित जाती किंवा जमातीचा असेल तरीही लागत नाही. न्याय संहितेत जात, समुदाय, भाषा अशा कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून खून केला तर कलम १०३(२), गंभीर दुखापत केली तर ११७(४) आहे. पण एकट्याने मारलेल्या थापडेसाठी तिथे वाढीव शिक्षा नाही.

फिर्याद देताना हे लक्षात ठेवा

• नेमके शब्द जसेच्या तसे लिहायला लावा. 'जातीवाचक शिवीगाळ केली' एवढंच लिहिलं तर पुढे अडचण येते.
• जागा सांगा : पार, चौक, किराणा दुकान, वावर. तिथे कोण हजर होतं तेही सांगा. घरच्यांखेरीज बाहेरचा साक्षीदार असेल तर उत्तम.
• आधीपासून जमिनीचा वाद असेल तर लपवू नका. तो कोर्टात निघतोच आणि लपवलेला निघाला की खरी फिर्यादही कच्ची पडते.
• एफआयआरची प्रत मोफत मिळते. आरोपीच्या जामिनाच्या वेळी आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क पीडिताला आहे.
• आर्थिक मदत टप्प्याटप्प्याने मिळते. त्यासाठी समाजकल्याण कार्यालयात विचारा. हेल्पलाइन १४५६६.
• ठाण्यात नोंद घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवा. सरकारी नोकराने जाणूनबुजून कर्तव्यात कसूर केली तर कलम ४ खाली त्यालाही सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे.

आणि ज्यांच्यावर गुन्हा दाखल होतो त्यांच्यासाठीही एक गोष्ट. फिर्यादीच्या दारात जाऊन दबाव आणू नका, बहिष्काराची भाषा करू नका. बहिष्कार हा याच कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे आणि एका थापडेचं प्रकरण तिथूनच अख्ख्या घराच्या अंगावर येतं.